पूर्ण मापाची गोधडी : कापडाचा हिशेब व पट्ट्या बेतण्याची रीत

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले आहेत. एका अंगास कसारा घाट व माहुलीचा डोंगर, दुसऱ्या अंगास माळशेज व नाणेघाट, खाचरांत भात आणि वरकस जमिनीत नागली व वरी, असे या भागाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. समुद्रापासून दूर व डोंगराच्या जवळ असल्यामुळे मार्गशीर्षापासून माघापर्यंत येथील पहाटेचा गारठा मुंबई-ठाण्यापेक्षा अधिक जाणवतो. पौष पौर्णिमेस म्हसा येथे यात्रा व बैलांचा बाजार भरतो, तेव्हा थंडी भरात असते. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर राखणीस निजणारा शेतकरी, दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामास जाणारी कातकरी कुटुंबे, तसेच प्रत्येक घरातील वृद्ध माणसे व लहान मुले यांना या दिवसांत गोधडीचाच आधार असतो.

गोधडी अथवा वाकळ ही घरातील जुन्या कपड्यांपासून होते व तीस रोख खर्च फारसा येत नाही. म्हणून ती फुकट मिळते असा समज होतो. तो बरोबर नाही. चार हात रुंद व पाच हात लांब गोधडीवर एकेका बोटाच्या अंतराने धावदोरा घातला, तर टाक्यांच्या सर्व ओळींची मिळून लांबी सुमारे २०० मीटर भरते. एका से.मी.स एक टाका धरला तरी हे वीस हजार टाके होतात. शेतीची व घरची कामे सांभाळून एका स्त्रीने घातलेले हे टाके असतात. त्याखेरीज दोन-तीन वर्षे जपून ठेवलेले कापड खर्ची पडते ते वेगळे. अशी गोधडी पहिल्याच धुण्यात आकसली, मधोमध फाटली किंवा पायांकडे अपुरी पडली, तर हे सारे श्रम वाया जातात.

गोधडी किती वर्षे टिकणार हे बहुतांशी सुईत दोरा ओवण्यापूर्वीच ठरते. कापडाची पारख, मापाचा हिशेब व पट्ट्यांची सरळ बेतणी या तीन गोष्टी साधल्या, तर साध्या टाक्याचीही गोधडी टिकते. त्या चुकल्यास उत्तम टाकाही तिला तारू शकत नाही.

पूर्वी लुगडे, धोतर, बंडी, सदरा हे सर्व कपडे सुती असत. त्यामुळे अनुभवी स्त्रिया डोळ्यांच्या मापाने कापड निवडीत व ती निवड सहसा चुकत नसे. आता घरातील गाठोड्यात सुती, मिश्र व कृत्रिम धाग्याचे कपडे एकत्र झालेले असतात. जुन्या अनुभवास थोड्या मोजमापाची जोड देण्याची गरज यामुळेच उत्पन्न झाली आहे.

माप कसे ठरवावे

दोन मोठ्या माणसांस पुरेल अशी गोधडी ४ हात × ५ हात, म्हणजे १८० × २२५ से.मी. असावी. एक हात सुमारे ४५ से.मी., एक वीत सुमारे २३ से.मी. व चार बोटे सुमारे साडेसात से.मी. धरतात. तथापि प्रत्येकीचा हात व वीत सारखी नसते. एकाच गोधडीच्या पट्ट्या तिघींनी आपापल्या बोटांनी मोजून कापल्या, तर त्या एकमेकींस जुळत नाहीत. म्हणून कामास आरंभ करताना एक मोजपट्टी ठरवावी आणि अखेरपर्यंत तीच वापरावी.

दाट धावदोरा घातल्यावर सर्व थर किंचित ओढले जातात व गोधडी आकसते. यासाठी शंभर से.मी.मागे ५ से.मी. अधिक धरून चालावे. म्हणजे १८० × २२५ से.मी.ची गोधडी हवी असल्यास वरचा पृष्ठभाग १९० × २३८ से.मी.चा तयार करावा.

दुसरी बाब म्हणजे शिवणीची माया. दोन पट्ट्या जोडताना प्रत्येकीची कड सुमारे १ से.मी. आत जाते. पट्टीस दोन कडा असल्यामुळे तयार गोधडीत ७ से.मी. दिसावयाची पट्टी ९ से.मी. रुंद कापावी लागते. ही माया धरावयाची राहिल्यास काय होते ते हिशेबानेच पाहावे. ७ से.मी.च्या ३० पट्ट्या मायेसह कापल्या तर त्यांची मिळून लांबी २१० से.मी. भरते. त्याच ३० पट्ट्या माया न धरता ७ से.मी. कापल्या, तर शिवल्यावर प्रत्येकी ५ से.मी. उरते व एकूण लांबी केवळ १५० से.मी. होते. तब्बल ६० से.मी., म्हणजे सव्वा हाताहून अधिक, गोधडी कमी पडते. पाय उघडे पडणाऱ्या बऱ्याच गोधड्यांचे मूळ या चुकीत सापडते.

कापडाची पारख

प्रथम सर्व जुने कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. न धुतलेले कापड बेतू नये. त्यातील खळ व मळ निघून गेल्याखेरीज त्याचे खरे माप व खरी ताकद कळत नाही. नवे सुती कापड तर एकदा भिजवून वाळविल्याशिवाय कधीच वापरू नये, कारण ते पहिल्या धुण्यात आकसते. लाल, गडद निळे व काळे कापड ओले करून त्यावर पांढरी चिंधी दाबून पाहावी. चिंधीस रंग लागल्यास ते कापड पुन्हा पुन्हा धुवावे. तरीही रंग जात राहिला तर ते वगळावे.

यानंतर धाग्याची परीक्षा करावी. कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे काढून ते चिमट्यात धरावेत व मोकळ्या जागी, कपड्यांपासून दूर, दिव्यावर जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ, करडी राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसत वितळतो व थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. राख व मणी दोन्ही दिसल्यास ते टेरिकॉटसारखे मिश्र कापड समजावे.

ही परीक्षा टाळू नये. थंडीच्या दिवसांत बऱ्याच घरांत चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेला अंथरुण घालतात. ठिणगी पडल्यास सुती कापडही पेट घेते, म्हणून कोणतीही गोधडी विस्तवापासून दूरच ठेवावी. परंतु कृत्रिम कापड वितळून अंगास चिकटते व त्याची भाजणूक खोल होते. लहान मुलांच्या गोधडीत तर असे कापड मुळीच असू नये. शिवाय ते घाम शोषून घेत नाही आणि निसरडे असल्यामुळे आतील थर सरकतात. शाळेचे गणवेश बहुधा मिश्र धाग्याचे असतात, हेही लक्षात ठेवावे. कृत्रिम साड्या टाकून द्याव्यात असा याचा अर्थ नाही. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्याकरिता शेताभोवती जुन्या साड्या बांधण्याची रीत प्रचलित आहे. त्या कामी त्यांचा उपयोग करावा.

सुती म्हणून ठरलेल्या कापडाचे तीन ढीग करावेत. कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आधी उभे व मग आडवे ताणावे, आणि उन्हासमोर धरून पाहावे.

पहिला ढीग : ताणल्यावर आवाज न करता टिकणारे, दाट विणीचे कापड. हे काठासाठी तसेच उशाकडील व पायांकडील पट्ट्यांसाठी ठेवावे.

दुसरा ढीग : मऊ झालेले, परंतु न फाटणारे कापड. हे मधल्या पट्ट्यांसाठी व अस्तरासाठी योग्य होय.

तिसरा ढीग : विरविरीत झालेले, उन्हासमोर धरल्यास जाळीसारखे दिसणारे कापड. हे केवळ आतील थरांत घालावे. झिजलेले मऊ कापड आत असल्याने गोधडी अंगास लपेटून बसते. थरांथरांमध्ये कोंडलेली हवा बाहेरची थंडी आत येऊ देत नाही, हेच गोधडीच्या उबेचे कारण होय.

जाड पाटलोणीचे किंवा जीनचे कापड पातळ साडीच्या पट्टीस जोडू नये. धुताना व पिळताना जाड कापड पातळ कापडास ओढते आणि शिवणीलगत फाडते. अशा जाड कापडाची बसावयाची आसने किंवा बैलगाडीत टाकावयाचे बसकर निराळे शिवावे.

घरातील कापड पुरत नसेल तर जवळच्या बाजाराचा उपयोग होऊ शकतो. भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र आहे आणि उल्हासनगर येथे तयार कपड्यांचा मोठा व्यवसाय आहे. तेथील उरलेले तुकडे व कात्रणे विकत घेतल्यास, त्यांत सुती व कृत्रिम माल मिसळलेला असतो हे ध्यानात ठेवून वरील परीक्षा अवश्य करावी.

किती कापड लागेल

१९० × २३८ से.मी.च्या पृष्ठभागाची आखणी पुढीलप्रमाणे करावी. चारही बाजूंनी १४ से.मी. रुंद काठ ठेवावा. मध्ये १६२ × २१० से.मी. जागा उरते. तयार ७ से.मी. रुंदीच्या ३० आडव्या पट्ट्यांनी ती बरोबर भरते.

पट्ट्यांचा हिशेब : प्रत्येक पट्टी मायेसह ९ से.मी. रुंद व १६४ से.मी. लांब हवी. ३० पट्ट्यांची एकूण लांबी ४९.२० मीटर होते. एका पट्टीत सरासरी चार तुकडे धरल्यास तीन जोड येतात व प्रत्येक जोडात २ से.मी. जातात. सर्व पट्ट्यांचे मिळून हे १.८० मीटर होतात. एकूण ५१ मीटर झाले. वाकडे गेलेले व खराब निघालेले तुकडे ध्यानात घेऊन यावर दहावा हिस्सा अधिक धरावा, म्हणजे सुमारे ५६ मीटर लांबीच्या पट्ट्या लागतील.

कोणत्या कपड्यातून ९ से.मी. रुंदीची किती पट्टी निघते, याचा अंदाज असा :

साडीचा चांगला भाग, २ मीटर × ९० से.मी. : १० पट्ट्या, एकूण २० मीटर.
धोतराचा चांगला भाग, १.५० मीटर × ९० से.मी. : १० पट्ट्या, एकूण १५ मीटर.
सदऱ्याची पाठ, ५४ × ४५ से.मी. : ५ पट्ट्या, एकूण २.७० मीटर.
पायजम्याचा एक पाय, ९० × २७ से.मी. : ३ पट्ट्या, एकूण २.७० मीटर.

उदाहरणार्थ, एक साडी (२० मीटर), एक धोतर (१५ मीटर), सहा सदरे (१६.२० मीटर) व दोन पायजमे (१०.८० मीटर) एवढे सुती कापड असेल, तर ६२ मीटर पट्ट्या मिळतात. गोधडीची गरज भागून सुमारे ६ मीटर उरतात. त्या फेकू नयेत. पुढे ठिगळ लावताना त्याच वयाचे व त्याच झिजेचे कापड हाताशी असणे फार सोयीचे असते.

काठ व गोट : गोधडीची कड सर्वांत आधी झिजते. उशाकडे तिला तेलकट केसांचा व हातांचा स्पर्श होतो, पायांकडे टाचा व बोटे अडकतात. म्हणून शक्य असल्यास एवढ्यापुरते नवे, दाट विणीचे सुती कापड घ्यावे. ११२ से.मी. पन्ह्याचे २.४० मीटर कापड पुरते. ते भिजवून वाळविल्यावर त्यातून लांबीच्या दिशेने १६ से.मी. रुंदीच्या चार पट्ट्या व ६ से.मी. रुंदीच्या पाच पट्ट्या काढाव्यात. चार रुंद पट्ट्यांपैकी दोन २१२ से.मी. लांब (बाजूंच्या काठासाठी) व दोन १९२ से.मी. लांब (उशाच्या व पायांच्या काठासाठी) ठेवाव्यात. पाच अरुंद पट्ट्या टोकास टोक जोडल्या म्हणजे चारही कडांस पुरेल एवढा गोट तयार होतो.

अस्तर : हे वरच्या पृष्ठभागाहून प्रत्येक बाजूस चार बोटे मोठे असावे, म्हणजे सुमारे २०६ × २५४ से.मी. सहावारी साडी साधारणतः साडेपाच मीटर लांब असते. ती मधोमध कापून दोन तुकडे लांबीने शेजारी शेजारी जोडले, की एका साडीत पूर्ण अस्तर होते. जेथे साडी विरली असेल तेथे आतल्या बाजूने आधीच ठिगळ लावून घ्यावे.

आतील थर : अस्तर व वरचा पृष्ठभाग यांच्यामध्ये तीन थर पुरेसे आहेत. प्रत्येक थरास एक जुनी साडी लागते. अशा पाच पदरी गोधडीचे वजन सुमारे अडीच किलो भरते. अधिक थर घातल्यास ऊब थोडी वाढते, परंतु सुई जात नाही, ओली गोधडी दोघांनाही उचलत नाही आणि ढगाळ हवेत ती आतून दमट राहून तिला कुबट वास येतो.

दोरा : दुहेरी दोऱ्याने शिवावयाचे असल्यास सुमारे ५०० मीटर सुती दोरा लागेल. दोरा कापडाहून फार बळकट असू नये. नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही, मात्र जुन्या कापडास करवतीप्रमाणे कापतो.

पट्ट्या बेतण्याची रीत

जाड पुठ्ठ्याची किंवा सरळ तासलेल्या बांबूच्या कांबीची ९ से.मी. रुंद व हातभर लांब अशी एक मापपट्टी तयार करावी. काठासाठी १६ से.मी.ची व गोटासाठी ६ से.मी.ची अशा आणखी दोन पट्ट्या कराव्यात. सर्व आखणी याच पट्ट्यांनी करावी. आधी कापलेल्या कापडी पट्टीवर ठेवून पुढची पट्टी कधीही कापू नये, कारण प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते. एका पट्टीत केवळ २ मि.मी. फरक पडला, तरी ३० पट्ट्यांत तो ६ से.मी. होतो आणि एकीकडे रुंद व दुसरीकडे अरुंद अशी गोधडी तयार होते.

कापडात उभे व आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. काठाशी समांतर जाणारा उभा धागा कमी ताणतो. म्हणून पट्टीची लांबी नेहमी उभ्या धाग्याच्या दिशेने घ्यावी. साडीत व धोतरात ही दिशा काठावरून कळते. सदऱ्यात ती बहुधा गळ्यापासून खाली अशी असते. तिरकस, म्हणजे उरेब कापलेली पट्टी हातातच ताणत जाते व शिवल्यावर गोधडीस लाटा येतात. गोलाईच्या जागी उरेब पट्टी उपयोगी असली, तरी गोधडीच्या पृष्ठभागात तिला स्थान नाही.

सुती साडी व धोतर यांच्या पट्ट्या कात्रीने कापण्याऐवजी फाडणे अधिक सोयीचे असते. मापपट्टीने खूण करून कात्रीने दोन बोटे चीर द्यावी व दोन्ही हातांनी एका दमात फाडावे. कापड धाग्याच्या रेषेतच फाटते, म्हणून पट्टी सरळ निघते. चीर मध्येच वाकडी वळली, तर तेथील धागा कुजला आहे असे समजून तो भाग तिसऱ्या ढिगात टाकावा. सदऱ्याचे व पायजम्याचे तुकडे लहान असल्यामुळे ते आखून कात्रीने कापावेत. शिवणी, गुंड्यांच्या पट्ट्या, खिसे व कॉलर आधी उसवून बाजूस काढाव्यात. जाड शिवण पट्टीत राहिल्यास तेथे सुई मोडते.

एक वितीपेक्षा लहान तुकडे पट्टीत जोडू नयेत. लहान तुकडे अधिक झाले की जोड वाढतात, आणि प्रत्येक जोड हे गोधडीतील कठीण ठिकाण असते. असे तुकडे पुढील ठिगळांसाठी निराळ्या पिशवीत ठेवावेत.

पट्ट्यांची मांडणी व जोडणी

सर्व तुकडे टोकास टोक जोडून लांब पट्टी करावी व तीतून १६४ से.मी.ची एकेक पट्टी कापून घ्यावी. ३० पट्ट्या पूर्ण झाल्यावर त्या सारवलेल्या कोरड्या ओटीवर मांडून पाहाव्यात. मांडताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिल्या ढिगातील मजबूत पट्ट्या उशाकडे पाच व पायांकडे पाच ठेवाव्यात. शेजारच्या दोन पट्ट्यांचे कापड जाडीने शक्य तितके सारखे असावे. आणि शेजारच्या पट्ट्यांतील जोड एका रेषेत न येता किमान एक वीत पुढे-मागे असावेत. एवढे सांभाळून मग फिकट व गडद रंग एकाआड एक लावावेत. रंगसंगती घरच्या स्त्रीच्या आवडीने व्हावी. आईच्या लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची पट्टी कोठे घ्यावयाची हे तिनेच ठरवावे.

सर्व पट्ट्या एकामागून एक न जोडता सहा-सहांचे पाच गट करावेत. एक शिवण डावीकडून घातली तर पुढची उजवीकडून घालावी, म्हणजे कापड एकाच दिशेस ओढले जात नाही. सहा पट्ट्यांचा एक गट शिवून झाल्यावर तो बरोबर ४४ से.मी. भरला पाहिजे. कमी-अधिक भरल्यास तेथेच उसवून दुरुस्त करावे. पाच गट जोडल्यावर मधला भाग २१२ से.मी. होतो व बाजूच्या काठाची लांबीही तेवढीच असल्यामुळे दोन्ही नेमके जुळतात. आधी बाजूंचे काठ व मग उशाचे व पायांचे काठ जोडावेत.

काही घरांत पट्ट्या आधी न जोडता थरांवर मांडून, कडा आत मोडून, त्याच धावदोऱ्याने पकडण्याची रीत आहे. तीही चांगली आहे. तीतही ९ से.मी.ची पट्टी व १ से.मी.ची माया हाच हिशेब लागू पडतो.

जमिनीवर अस्तर उलटे अंथरून त्यावर तीन थर व शेवटी पट्ट्यांचा पृष्ठभाग ठेवावा. मध्यापासून कडेकडे हाताने सुरकुत्या काढाव्यात. एकेका वितीवर कच्चा दोरा घालून पाचही पदर पकडावेत. नंतर धावदोरा घालावा आणि शेवटी वाढीव अस्तर कापून कडेस गोट लावावा. कोपऱ्यांवर गोट दुहेरी करावा.

कामाची वेळ

शेतीच्या हंगामाशी जुळवून घेतल्यास हे काम ओझे होत नाही. चैत्र-वैशाखात ऊन कडक असते. कपडे धुणे, पारखणे व पट्ट्या बेतणे ही कामे मृगापूर्वी उरकावीत. बेतलेल्या पट्ट्या दहा-दहांच्या जुड्या बांधून पत्र्याच्या कोरड्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवाव्यात. आषाढ-श्रावणातील लावणी संपल्यावर घरात बसून पट्ट्या जोडता येतात. भाद्रपदात पावसाची उघडीप मिळताच थर घालावेत आणि कापणी सुरू होण्यापूर्वी जितका धावदोरा होईल तितका करावा. उरलेले टाके व गोट दिवाळीनंतर पूर्ण करून मार्गशीर्षाच्या थंडीस गोधडी तयार ठेवावी.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी

वीटभट्टीवर किंवा परगावी कामास जाणाऱ्या कुटुंबांस हलकी व लवकर वाळणारी गोधडी सोयीची पडते. त्यांनी ३ हात × ५ हात, म्हणजे १३५ × २२५ से.मी. माप घ्यावे. पृष्ठभाग १४२ × २३८ से.मी. धरावा. काठ तेवढाच ठेवावा. पट्ट्या ३० च राहतात, मात्र प्रत्येक पट्टी ११६ से.मी. लांब लागते. जोड व नासधूस धरून एकूण ४० मीटर पट्ट्या पुरतात आणि वजन दोन किलोच्या आत राहते. या कुटुंबांस दिवाळीपूर्वीच निघावयाची तयारी करावी लागते, म्हणून त्यांचे काम आश्विनाअखेर पूर्ण होईल असे पाहावे.

गटाने काम करणे

महिला बचत गटांनी एकत्र बसून काम केल्यास मापपट्ट्यांचा एकच संच सर्वांना वापरता येतो. एकीकडे सुती साडी अधिक असते, दुसरीकडे सदरे अधिक असतात. तुकड्यांची देवघेव झाल्यास प्रत्येकीची गोधडी एकसारख्या जाडीच्या कापडाची होते. दोन स्त्रियांनी समोरासमोर बसून धावदोरा घातल्यास थरही सरकत नाहीत.

जुन्या कापडास असे नवे आयुष्य देण्याची रीत जगाच्या इतर भागांतही आहे. बंगालमधील कांथा व सिंध-राजस्थानातील रल्ली या धावदोऱ्यावरच उभ्या आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया याच पद्धतीने कवंदी शिवतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या पट्ट्यांपासून गोधड्या करीत आल्या. २००२ साली त्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत भरले आणि २००६ साली तेथील टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. शहापूर-मुरबाडच्या गटांनी गोधड्या विक्रीसाठी करावयाचे ठरविल्यास दोन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. ग्राहकास सांगितलेले माप धुतल्यानंतरही कायम राहिले पाहिजे. आणि किंमत ठरविताना कापडाबरोबर वीस हजार टाक्यांची मजुरीही धरली पाहिजे. ती न धरल्यास गोधडी विकली जाते, परंतु शिवणारीच्या हाती काही उरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

चैत्रात गावातील एका घरी स्त्रियांस एकत्र बोलावून धाग्याची जळण-परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. ९, १६ व ६ से.मी.च्या मापपट्ट्यांचा एक संच गावात कायम ठेवावा. सहा पट्ट्यांचा एक गट सर्वांसमोर शिवून तो ४४ से.मी. भरतो हे मोजून दाखवावे. एकदा हे पाहिले की मायेचा हिशेब निराळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या वृद्ध स्त्रिया गोधडी शिवण्यात निष्णात आहेत त्यांसच शिकविण्यास पुढे बसवावे. टाका त्यांचा असावा व कार्यकर्त्याने केवळ मोजपट्टी पुरवावी. भाद्रपदात पुन्हा त्याच घरी जाऊन किती जणींच्या पट्ट्या जोडून झाल्या हे पाहावे, आणि ज्यांच्याकडे सुती कापड कमी पडले असेल त्यांना इतरांकडील उरलेले तुकडे मिळवून द्यावेत.